काढलेली तार

आमच्या गायी माझ्या बायकोचं ऐकतात, माझं नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुणी मला हसलं तर वाईट वाटणार नाही. वाटेलच, पण जरा कमी वाटेल.

आणि गायी कुणाच्या? माझ्या आजोबांनी सुरू केलेल्या कळपातल्या! आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, गोठा बांधला आणि मी त्या गोठ्यात शेणात घसरत लहानाचा मोठा झालो. पंचवीस-तीस जनावरं, घरामागे लांबच लांब उतार, खाली ओढा. कुठली गाय कुणाची नात हे मला झोपेतून उठवून विचारा, सांगेन. कळपाला बोलवायची आमच्या घराची एक हाक आहे, "ह्योऽ हो होऽ", शेवट जरा ओढून. आजोबांची आप्पांनी उचलली, आप्पांची मी. ती दिली की ओढ्याकाठची गुरं माना वर करून घराकडे चालायला लागायची. पूर्वी.

आप्पा पशुपालक मंडळाचे पहिले अध्यक्ष. आजूबाजूच्या सगळ्या गुरंवाल्यांचं हे मंडळ. दुधाचा भाव, चाऱ्याची खरेदी, जनावरांचे डॉक्टर कधी येणार, सगळं तिथं ठरतं. आप्पा थकले तेव्हा खुर्ची शेजारच्या काकांकडे गेली, पण ती तात्पुरती, असं सगळेच धरून चालले होते. मला तर मिशी फुटल्यापासून लोक 'भावी अध्यक्ष' म्हणायचे. ते चेष्टेनं म्हणायचे आणि मी खरं मानून बसलो. ती खुर्ची मला हवी होती. उगाच लाजायचं कशाला, अजूनही सांगतो, फार हवी होती.

मग एके दिवशी आमच्या वळूनं मला गोठ्याच्या भिंतीवर दाबलं. त्याचा दोष नाही, मीच चुकीच्या बाजूनं गेलो. कंबरेचं हाड मोडलं. पुढच्या खोलीत खाटेवर आडवा, खिडकीतून दिसतं काय, तर गोठ्याच्या पत्र्याचा एक कोपरा. बाहेर बायको एकटी, आणि आप्पांच्या गुडघ्यांनी कधीच राजीनामा दिलेला.

काठी टेकत बाहेर आलो तेव्हा आमचा उतार मला ओळखू येईना. आडव्या पांढऱ्या तारा. बारीक, दोरीसारख्या, प्लास्टिकच्या खुंट्यांवर ताणलेल्या, कोपऱ्यात तारेत वीज सोडणारं बॅटरीवरचं झटका मशीन टकटक करतंय. उताराचे पट्टे पाडले होते. एका पट्ट्यात सगळा कळप दाटीवाटीनं चरत होता, बाकीचे पट्टे मोकळे.

"हे काय?" मी विचारलं.

"एका पट्ट्यात चरायचं," बायको म्हणाली. "गवत घोट्याला आलं की पुढच्या पट्ट्यात. मागच्याला आराम. गुडघ्यापर्यंत वाढल्याशिवाय तिथं परत तोंड लावू द्यायचं नाही."

"गवत आराम करतं?"

"तुम्ही नाही का केलात?"

आप्पा ओसरीवरून मोठ्यांदा हसले. माझ्या बोलण्यावर आप्पा कधी असे हसल्याचं मला आठवत नाही.

आता खरं दुखणं ऐका. ती चुकली असती तर मी तिला माफ केलं असतं, अगदी मोठ्या मनानं. पण ती बरोबर निघाली! पुढच्या कोरड्या दिवसांत सगळ्यांचे उतार टक्कल पडल्यासारखे झाले, लोक गाड्या भरभरून चारा विकत आणू लागले, आणि आमच्याकडे गवत उभं. पाऊस आला तेव्हा दरवर्षीसारखा ओढा आमच्या मातीनं तांबडा झाला नाही. बायकोनं कुदळीनं एक ढेकूळ उकरून आप्पांच्या हातात दिलं. त्यात गांडुळं वळवळत होती. आप्पा ते ढेकूळ हातात घेऊन किती वेळ बसले होते. नातवंड झाल्यावरसुद्धा इतक्या हौसेनं त्यांनी हात पुढे केले नव्हते.

मग माणसं यायला लागली. फाटकापाशी मी उभा असलो तर मला ओलांडून आत बघायचे. "वहिनी आहेत का?" मी काय वॉचमन आहे? जनावरांचे डॉक्टर इतकी वर्षं माझ्याशी गप्पा मारत चहा प्यायचे. आता बॅग मोटारसायकलवर तशीच ठेवून थेट उतारावर जायचे. "वहिनी, या पट्ट्याला किती विश्रांती दिलीत?" मला नुसतं, "काय, कंबर काय म्हणते?" माझी कंबर! एवढाच काय तो माझ्याशी बोलायचा विषय उरला होता.

आप्पाही तसेच. पूर्वी सकाळी पहिलं वाक्य माझ्यासाठी असायचं, शिवी का होईना. आता "सूनबाई, आज कुठला पट्टा?" ती सांगणार, ते मान डोलावणार, आणि मी त्या दोघांच्या मधून दुधाचा कॅन उचलून नेणार. पोटात असं दुखायचं की बस.

गायींचं तर बोलूच नका. मोडशिंगी म्हणून एक गाय आहे, कळपाच्या पुढे चालणारी. तिचं डावं शिंग लहानपणी मोडलं तेव्हा रात्रंदिवस हळद लावत मी बसलो होतो, बायको तेव्हा या घरात आलेलीसुद्धा नव्हती. ती मोडशिंगी आता मला गोठ्यात बघते, शेपूट हलवते, आणि दारातून बायको येते का ते पाहायला मान वळवते. कृतघ्न!

बायको रोज सकाळी तार हलवायला जायची. मला दोन-तीनदा म्हणाली, "चला की, बघा तरी." मी म्हणायचो, "दूध कोण काढणार?" खरं तर दूध काढून झालेलं असायचं. त्या वेळी मी मुद्दाम कॅन धुवायला घ्यायचो, धुतलेले परत धुवायचो. तिनं बोलावलं आणि मी शिकायला गेलो असं चित्र मला नको होतं. त्यामुळे ती तार कशी हलवते, गायी एका पट्ट्यातून दुसऱ्यात कशा जातात, हे मी एकदाही बघितलं नाही. हे लक्षात ठेवा, कारण पुढे माझी शोभा झाली ती यामुळेच.

इथवर घरातलं घरात होतं. मग तिनं मंडळाच्या बैठकीत एक गोष्ट मांडली. म्हणाली, आपल्या उतारावर सहा घरं. प्रत्येकाचा तुकडा वेगळा, मध्ये दगडी बांध, काटेरी कुंपणं. एका तुकड्यात नीट पट्टे पडत नाहीत, आणि वरच्या घराची माती खालच्या घरात, खालच्याची ओढ्यात. कुंपणं काढू. सगळा उतार एक, सगळ्यांची गुरं एक कळप, पाळीपाळीनं पट्टे. तसं केलं तर आपल्या हयातीत हा उतार पुन्हा माती धरेल, नाहीतर आपल्या पोरांना नुसते दगड राहतील.

मग आमच्या वरच्या अंगाला राहणारा गाडीवाला, म्हणजे दुधाची गाडी चालवतो तो, म्हणाला, "वहिनी, सगळं पटतं. पण एवढ्याशा तारेच्या भरवशावर आमची गुरं सोडायची? बोटाएवढीही जाड नाही. एखादी बिथरली की गेला सगळा कळप ओढ्यात."

"हो ना," बाकीचेही म्हणाले. सगळ्यांची गाडी तारेवरच अडली होती.

काका म्हणाले, "येत्या रविवारी सगळे यांच्याकडे जाऊन डोळ्यांनी बघू. तार कशी धरते ते पाहू. आणि तिथंच नवा अध्यक्षही ठरवू, मला आता होत नाही."

एवढी वर्षं वाट पाहिली तो दिवस आला.

दुसऱ्या दिवशी दूध संकलनाच्या शेडमध्ये मी कॅन उतरवत होतो. भिंतीपलीकडे गाडीवाला आणि काका बोलत होते.

"त्याला करायचं ठरलं होतं ना?" काकांचा आवाज.

"त्याला कशाला?" गाडीवाला म्हणाला. "काम ती करते, खुर्ची त्याला? रविवारी नीट पार पडलं तर वहिनींनाच करू. तो बिचारा कॅन आणतो, बास झालं."

बिचारा! तळपायाची आग मस्तकात गेली. शिव्या खाल्ल्या असत्या, पण बिचारा? कॅन तिथंच आपटून घरी आलो. बायको स्वयंपाकघरात हिशेब करत होती, कुणाच्या किती गायी, किती पट्टे पडतील. मी विचारलं, "तुला अध्यक्ष व्हायचंय?"

तिनं वर न बघताच सांगितलं, "मला उतार एक झालेला हवाय."

हे काय उत्तर झालं? हो म्हणाली असती तर भांडलो असतो, नाही म्हणाली असती तर सुखानं झोपलो असतो. तिनं मला दोन्हींपैकी काहीच करू दिलं नाही.

रविवारी सकाळी ती लवकर आवरून मंडळींना घ्यायला वरच्या रस्त्यापर्यंत गेली. जाताना म्हणाली, "आज सगळ्यांसमोर तार हलवायची आहे. तुम्ही चहाचं बघाल?" चहाचं! आप्पा ओसरीवर नवा सदरा घालून बसले होते. माझ्या लग्नात घातला होता तसा कडक इस्त्रीचा.

मी आधण ठेवलं आणि ते उकळायला लागलं तशी माझ्या डोक्यातली गोष्टही उकळायला लागली. लोकांना भीती कशाची? तार तकलादू आहे याची. समजा, ते उतारावर पोचले आणि त्यांना दिसलं की तिनं इतके दिवस जपलेल्या पट्ट्यात सगळा कळप घुसलाय, गुडघाभर गवत तुडवलंय, गायी मन मानेल तशा हुंदडतायत? मग झालं. गाडीवाला म्हणेल, "बघा, मी म्हणत नव्हतो?" कुंपणं तशीच राहतील, आणि अध्यक्ष म्हणून लोक पुन्हा जुन्याच माणसाकडे बघतील. कुणाचं नुकसान नाही, गवत काय, परत येईल. असं मी स्वतःला समजावलं. गॅस बंद केला आणि मागच्या दारानं निघालो.

वरच्या फाटकातून मी त्या जपलेल्या पट्ट्यात उतरलो. खरं सांगतो, गवत बघून एक क्षण पाय थबकले. असं दाट, मऊ, बुंध्याशी ओल धरलेलं गवत मी लहानपणीही आमच्या उतारावर पाहिलं नव्हतं. त्यामुळे तर आणखीच जळलो. झटका मशीनचं बटण बंद केलं. आतल्या बाजूनं चालत एकेक खुंटी उपटली, तार रिळावर गुंडाळली. आता कळप आणि गवत यांच्यात काही म्हणजे काही नव्हतं. पलीकडचा पट्टा गायींनी पार घोट्यापर्यंत खाऊन टाकलेला. भुकेल्या गायी, समोर हिरवंगार गवत. आणखी काय पाहिजे?

मी पट्ट्याच्या मध्यावर उभा राहिलो आणि घराण्याची हाक दिली, "ह्योऽ हो होऽ!"

सगळ्या माना वर झाल्या. मोडशिंगी पुढे, मागे सगळा कळप, चालत आल्या. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! म्हटलं, आलात ना शेवटी, धन्यालाच ओळखलंत ना.

जिथं तार होती तिथं येऊन मोडशिंगी थांबली. तिच्या शेजारी दुसरी. मग तिसरी. सगळ्या गायी एका रेषेत उभ्या, आणि पायापुढे काही नाही! नाक पुढे करून गवताचा वास घेतायत, जिभा बाहेर येतायत, पण खूर पुढे पडत नाही.

"चल की!" मी म्हणालो. "चल माझी बाय. ये. काही नाही तिथं. बघ!"

मोडशिंगीनं माझ्याकडे पाहिलं. मग मान वळवून घराच्या वाटेकडे पाहिलं. मी ओळखली ती नजर. बायकोची वाट बघत होती.

मग मी चुचकारलं. गवताची मूठ उपटून दाखवली. मग ओरडलो. मग अशा शिव्या दिल्या की आप्पांनी ऐकल्या असत्या तर त्यांनाही नवीन वाटल्या असत्या. पुढे होऊन मोडशिंगीचं धड शिंग पकडलं आणि ओढलं. तिनं चारी पाय रोवले. हंबरली नाही, मारायला धावली नाही, नुसती उभी राहिली. मी घामाघूम, कंबरेत कळ आलेली, एका हातात रीळ, आणि माझ्या बापजाद्यांच्या गायी मला जुमानत नाहीत. इतकं एकटं मला खाटेवरसुद्धा वाटलं नव्हतं. डोळ्यांत पाणी आलं, रागाचं म्हणा हवं तर.

मागून आवाज आला, "अरे देवा!"

वळून पाहिलं तर उतारावर सगळे उभे. काका, गाडीवाला, डॉक्टर, बाकीची घरं, आणि सगळ्यात पुढे बायको. मी शिंग सोडून दिलं. आता सांगायचं काय?

"तार नाही!" गाडीवाला ओरडला. "बघा, तारच नाही! रीळ याच्या हातात आहे! शिंग धरून ओढतोय तरी पुढे येत नाही!"

आणि त्यानं टाळ्या वाजवल्या! डॉक्टरांनी वाजवल्या, काकांनी वाजवल्या. सगळ्यांना वाटलं, मी त्यांना दाखवण्यासाठी हे केलंय. तारेची भीती वाटते ना? घ्या, तारेशिवायच थांबवून दाखवतो.

फक्त बायको टाळ्या वाजवत नव्हती. तिनं रीळ पाहिलं, बंद मशीन पाहिलं, तुडवलेलं गवत पाहिलं, माझा चेहरा पाहिला. सगळं कळलं तिला. आठ वर्षांच्या संसारात माझ्या चेहऱ्यावरून तिला काय कळत नाही? मी डोळे मिटले. म्हटलं, आता निघतेय आपली धिंड.

"ही यांची कल्पना," बायको म्हणाली. आवाज अगदी नेहमीचा. "मी म्हटलं, तार लावून दाखवू. हे म्हणाले, काढून दाखवू. सवय लागली की तारेचं काम संपतं, गाय रेघ लक्षात ठेवते. आपण तिच्या बाजूनं येऊन आधी ओलांडली तरच ती ओलांडते."

असं म्हणून ती गायींच्या बाजूनं आली आणि त्या नसलेल्या तारेवरून सरळ माझ्याकडे चालत आली. मागे वळूनही पाहिलं नाही. मोडशिंगी निघाली. तिच्यामागे सगळ्या. माझ्या दोन्ही अंगांनी गायी शांतपणे गवतात शिरल्या आणि चरायला लागल्या. एवढं सोपं होतं. रोज सकाळी कॅन धुण्याऐवजी एकदा येऊन बघितलं असतं तरी समजलं असतं.

त्यानंतर सगळं भराभर झालं. आप्पांसमोर ओसरीवर सगळे बसले. गाडीवाल्यानं पहिला शब्द दिला, माझं कुंपण मी काढतो. मग एकेकानं दिला. मग काका उठले आणि म्हणाले, "मी तर वहिनींचं नाव घेणार होतो. पण आज या माणसानं आपल्या सगळ्यांची भीती एका फटक्यात घालवली. शेवटी रक्त कुणाचं! वहिनी, तुमचं काय म्हणणं?"

बायकोनं हात वर केला. सगळ्यांत आधी. "माझं मत यांना," ती म्हणाली.

मी अध्यक्ष झालो. लोकांनी पाठ थोपटली. आप्पांनी मला जवळ बोलावून डोक्यावर हात ठेवला, आणि मी त्या हाताखाली मान घालून गप्प उभा राहिलो. मी तिथं तोंड उघडून खरं सांगायला हवं होतं, कळतं मला. नाही सांगितलं. इतक्या वर्षांनी मिळालेला तो हात मला सोडवेना. चहा राहिलाच, तो बायकोनं केला.

संध्याकाळी दूध काढायच्या वेळी मी गोठ्यात गेलो. ती मोडशिंगीची कास पुसत होती. दिवसभर मनात एकच घोळत होतं, आणि ते खूप गोड होतं. तिनं मला वाचवलं. माझ्यासाठी स्वतःची खुर्ची सोडली. म्हणजे गायी, डॉक्टर, आप्पा, सगळे एका बाजूला, आणि बायको अजून माझ्या बाजूला.

"तू माझी लाज राखलीस," मी म्हणालो. "हे मी जन्मात विसरणार नाही."

"रीळ कुठं ठेवलंत?" तिनं विचारलं.

"आहे, बाहेर आहे. अगं, मी काय म्हणतोय? माझ्यासाठी तू एवढं..."

"तुमच्यासाठी नाही केलं."

ती उठली आणि हात पुसत माझ्यासमोर उभी राहिली. रागावलेली नव्हती. रागावलेली असती तर मला सांभाळता आलं असतं.

"तुम्ही काय करायला गेला होतात ते मी सांगितलं असतं, तर काय झालं असतं? लोक म्हणाले असते, हिच्या घरातल्या माणसालाच पटलेलं नाही, आम्ही कशाला कुंपणं काढू? बाकीच्या पाच घरांतल्या एकानंही शब्द दिला नसता. आणि खुर्ची मला दिली असती तर तुम्ही दर बैठकीला असंच काहीतरी उपटत बसला असतात. खुर्चीत बसलात की तुम्हाला उतार सांभाळावा लागेल. म्हणून दिली."

"म्हणजे गवतासाठी?"

"गवतासाठी."

तिनं बादली उचलली. मी वाटेत उभा होतो, बाजूला व्हायचंही सुचलं नाही. तोंडातून निघून गेलं, "माझ्यासाठी काहीच नाही?"

ती थांबली. बादली पुन्हा खाली ठेवली.

"पहिली तार तुमच्यासाठी बांधली होती," ती म्हणाली. "गवताबिवताचं मला तेव्हा काय कळत होतं? तुम्ही खाटेवर होतात, कळप एकटीला आवरत नव्हता. विकून टाक म्हणून सगळे मागे लागले होते, काकासुद्धा. म्हटलं, हा माणूस उठून बाहेर येईल, गोठा रिकामा दिसेल, आणि पुन्हा आडवा पडेल तो कायमचा. कुणाकडून तरी तार मागून आणली. खुंट्या ठोकताना हाताची सालं निघाली. रोज वाटायचं, तुम्ही उठलात की तुम्हाला दाखवीन."

"मग?"

"मग तुम्ही उठलात," ती म्हणाली, "आणि कॅन धुवायला लागलात. त्यानंतरच्या सगळ्या तारा गवतासाठी."

माझ्या बाजूनं वाट काढत ती बादली घेऊन निघून गेली.

मंडळाचा नवा अध्यक्ष गोठ्यात तसाच उभा राहिला. मोडशिंगी रवंथ करत होती. आजवर मी डॉक्टरांवर जळलो, बापाच्या हसण्यावर जळलो, गायींवर जळलो. त्या संध्याकाळी मला पुढच्या खोलीतल्या खाटेवरच्या त्या माणसाचा हेवा वाटला. दाढी वाढलेली, कंबर मोडलेली, दिवसभर किरकिर करणारा माणूस. त्याच्यासाठी कुणीतरी उन्हातान्हात हात सोलून घेत तार बांधत होतं, आणि तो गाढव खिडकीतून पत्र्याचा कोपरा बघत पडला होता.